कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी गोळी का? किडनी आणि रक्तातल्या चरबीचं नातं

लॅबमधून लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की बहुतेक घरांत एकच गोष्ट बघितली जाते, ती म्हणजे आकडा जाड अक्षरात छापलाय का. जाड अक्षर नसेल तर सगळं ठीक आहे असं समजून रिपोर्ट पिशवीत जातो. पण ज्याची किडनी अधू झाली आहे, त्याच्या बाबतीत हा हिशोब चुकू शकतो. अशा रुग्णाचं कोलेस्टेरॉल कागदावर नॉर्मल दिसतं आणि तरीही त्याला हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणूनच डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळी लिहून देतात. "रिपोर्ट तर चांगला आलाय, मग गोळी कशाला?" असं म्हणून ती परस्पर बंद केली, तर मिळणारं संरक्षण जातं.

याची उलटी बाजूही आहे. काही वेळा कोलेस्टेरॉल एकदम वाढतं आणि त्याचं मूळ तेल-तुपात नसून किडनीत असतं. त्यामुळे रक्तातली चरबी आणि किडनी यांच्याकडे वेगवेगळं बघून चालत नाही.

किडनी काय काम करते?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड दोन किडन्या म्हणजे मूत्रपिंडं असतात. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि प्रथिनं (प्रोटीन) मात्र आतच ठेवायची, हे या गाळणीचं मुख्य काम. बीपी ताब्यात ठेवणं, रक्त तयार होण्यास मदत करणं आणि हाडं मजबूत ठेवणं यातही किडनीचा हात असतो.

गेलेल्या गाळण्या पुन्हा तयार होत नाहीत. त्यांचं काम उरलेल्या गाळण्या ओढत राहतात, म्हणून बराच काळ अंगावर काहीच दिसत नाही. निम्मी ताकद गेली तरी माणूस शेतात काम करत असतो, जेवत-खात असतो. पायाला सूज, दम लागणं, मळमळ, अंगाला खाज ही लक्षणं बहुतेक वेळा उशिरा येतात.

किडनी खराब होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे शुगर (डायबेटीस) आणि बीपी.

रक्तातली चरबी म्हणजे नेमकं काय?

तेल पाण्यात मिसळत नाही, तशी चरबी रक्तात मिसळत नाही. तिला इकडून तिकडे न्यायला शरीर प्रथिनांचं वेष्टण असलेले बारीक कण तयार करतं. लिपिड प्रोफाइलमध्ये हे कण आणि त्यातली चरबी मोजली जाते.

एलडीएल: कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवणारे कण. जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत थर साचतो. म्हणून याला बोलीत वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात. निरोगी माणसात १०० च्या खाली असलेलं बरं.

एचडीएल: जादा कोलेस्टेरॉल गोळा करून लिव्हरकडे परत नेणारे कण. पुरुषांमध्ये ४० पेक्षा आणि बायकांमध्ये ५० पेक्षा कमी नसावं.

ट्रायग्लिसराइड: जेवणातली चरबी, तसंच जादा साखर आणि दारू यांपासून तयार होणारी साठवणीची चरबी. १५० च्या आत असावी. ५०० च्या वर गेली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

(हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. आपल्याकडच्या रिपोर्टवर याच मापात असतात.)

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतःच बनवतं. म्हणून अंडं-मटण कधीच न खाणाऱ्या माळकरी माणसाचंही कोलेस्टेरॉल जास्त निघू शकतं.

चरबी वाढली तर किडनीला काय होतं?

किडनी रक्तावरच चालते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. हृदयाच्या नळीत थर साचतो, तसाच तो किडनीला रक्त देणाऱ्या धमनीतही साचू शकतो. धमनी अरुंद झाली की किडनीला रक्त कमी पडतं. मग रक्तदाब कमी झालाय असं समजून किडनी बीपी वाढवणारी द्रव्यं सोडते. बीपी चढतो, तीन-तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही आणि ती किडनी हळूहळू आक्रसत जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, शुगर असलेल्या उतारवयातल्या माणसांत हे जास्त दिसतं.

मात्र फक्त कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून किडनी फेल झाली, असं सहसा होत नाही. शुगर, बीपी, तंबाखू आणि वाढलेली चरबी एकत्र आली की नुकसान वेगाने होतं.

किडनी बिघडली की चरबीचं गणित का बदलतं?

रक्तातली ट्रायग्लिसराइड फोडून पेशींना देण्याचं काम एक एन्झाइम करतं. किडनी कमजोर झाली की हे एन्झाइम मंदावतं. चरबी वेळेवर उचलली जात नाही आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. एचडीएल कमी होतं, आणि जे उरतं तेही आपलं काम नीट करत नाही.

एलडीएलचा आकडा मात्र बऱ्याचदा नॉर्मलच दिसतो. फरक कणांच्या जातीत पडतो. कण लहान आणि घट्ट होतात, रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. साधा लिपिड प्रोफाइल एलडीएल किती आहे ते सांगतो, कण कसे आहेत ते सांगत नाही. त्यात किडनीच्या आजारात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि त्या ताठर होतात.

या सगळ्याचा परिणाम हृदयावर होतो. किडनीचा जुना आजार असलेले अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावतात. घरच्यांचं सगळं लक्ष क्रिएटिनीनवर असतं आणि धोका छातीत वाढत असतो.

कोलेस्टेरॉल अचानक ३००-४०० झालं तर

किडनीची गाळणी फाटल्यासारखी झाली तर रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. रक्तातलं प्रथिन घटलं की लिव्हर भरपाईसाठी जोरात कामाला लागतं आणि प्रथिनांबरोबर चरबी वाहणारे कणही भरमसाट बनवतं. कोलेस्टेरॉल ३००-४०० किंवा त्याच्याही वर जातं.

हा आजार लहान मुलांतही होतो. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. काही चावलं असेल, जास्त झोपला असेल, असं म्हणून दिवस जातात. मग पोट आणि पायही सुजतात, लघवीला खूप फेस येतो आणि लघवी कमी होते. अशा मुलाचं तेल-तूप बंद करून काही साधत नाही. त्याची लघवी तपासावी लागते. वेळेवर औषध सुरू केलं तर बहुतांश मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चांगला गुण येतो आणि लघवीतलं प्रथिन थांबलं की कोलेस्टेरॉलही उतरतं. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

मोठ्या माणसातही अंगावर सूज, फेसाळ लघवी आणि एकदम वाढलेलं कोलेस्टेरॉल एकत्र दिसलं, तर आधी किडनी तपासावी.

गोळी कुणाला आणि कशासाठी?

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही आपल्याकडची रोजची नावं. किडनीच्या रुग्णांना यांचा कितपत उपयोग होतो, हे बघण्यासाठी 'शार्प' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ९ हजारांहून अधिक किडनी रुग्णांमध्ये स्टॅटिन आणि इझेटिमाइब ही जोडगोळी देऊन पाहिली गेली. हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्या. किडनी खराब होण्याचा वेग मात्र त्या गोळीने कमी झाला नाही.

म्हणजे किडनीच्या रुग्णाला कोलेस्टेरॉलची गोळी दिली जाते ती मुख्यतः हृदय वाचवण्यासाठी. ती घेऊन क्रिएटिनीन उतरलं नाही, म्हणजे गोळी लागू पडली नाही, असं होत नाही.

किडनीच्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये याविषयी शिफारशी दिल्या. त्यांचा सारांश असा:

– वय ५० किंवा जास्त, किडनीचा जुना आजार आहे, डायलिसिस सुरू नाही: स्टॅटिन द्यावं. त्यासाठी एलडीएल वाढलेलंच हवं असं नाही.

– वय १८ ते ४९, किडनीचा जुना आजार आहे: शुगर, हृदयविकार, आधी झालेला पक्षाघात किंवा हृदयाचा जास्त धोका असेल तर द्यावं.

– डायलिसिस सुरू आहे: नव्याने स्टॅटिन सुरू करू नये, पण आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावं. डायलिसिसच्या रुग्णांवर २००५ आणि २००९ मध्ये आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत नव्याने गोळी सुरू करून ठळक फायदा दिसला नव्हता.

– किडनी बदललेली आहे: मोठ्या माणसांना स्टॅटिन द्यावं. नवी किडनी टिकवणाऱ्या काही औषधांनी चरबी वाढते आणि काहींचा स्टॅटिनशी मेळ बसत नाही, म्हणून डोस किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवावा.

शेजाऱ्याची गोळी बंद केली आणि आपली चालू ठेवली, याचं कारण बऱ्याचदा यातच असतं. दोघांचा लिपिडचा आकडा सारखा असला तरी दोघांची किडनी सारखी नसते.

गोळीबद्दल नेहमीच्या शंका

*ही गोळी किडनी खराब करते, असा मेसेज फिरतो. खरं काय?*
नेहमीच्या डोसमध्ये स्टॅटिनमुळे किडनी खराब होत नाही. फार क्वचित एखाद्याचे स्नायू जोरात झिजतात आणि त्यातून किडनीला धोका होतो. दोन्ही मांड्या, दंड खूप दुखणं, उठता-बसता न येणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं ही त्याची खूण. असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दिवसभर ऊसतोड करून अंग दुखणं वेगळं.

*डोस सगळ्यांना सारखाच असतो का?*
नाही. किडनी कमजोर असेल तर ॲटोरव्हास्टॅटिनचा डोस सहसा बदलावा लागत नाही. रोसुव्हास्टॅटिन मात्र किडनी बरीच खराब असेल तर कमी मात्रेत द्यावं लागतं. ट्रायग्लिसराइडसाठी दिलं जाणारं फेनोफायब्रेट क्रिएटिनीन वाढवू शकतं, किडनी फार कमजोर असेल तर ते टाळतात. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं गोळ्या आणण्यापेक्षा अधूनमधून डॉक्टरांना दाखवावं.

*दुसऱ्या औषधांबरोबर चालते का?*
क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा गजकर्णासाठीची इट्राकोनॅझोलची गोळी घेताना स्टॅटिन चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. काही स्टॅटिनबरोबर ही औषधं घेतली तर स्नायूंचा त्रास वाढतो.

*गरोदरपणात?*
दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर लगेच डॉक्टरांना सांगावं. गरोदरपणात ही गोळी सहसा बंद ठेवतात.

क्रिएटिनीन १.२ सगळ्यांना सारखं नसतं

क्रिएटिनीन स्नायूंमधून तयार होतं. अंगाने बारीक, वयस्कर बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तिचं क्रिएटिनीनही कमीच असतं. हे लक्षात घेऊन वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून 'ईजीएफआर' काढतात. किडनीची गाळण्याची ताकद त्यातून कळते.

एक उदाहरण घेऊ. क्रिएटिनीन १.२ आहे. २५ वर्षांच्या तरुणात ईजीएफआर सुमारे ८६ येतो, म्हणजे ठीक. तेच १.२ जर ७० वर्षांच्या आजीचं असेल तर ईजीएफआर सुमारे ४९ येतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली राहिला तर त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात. पण लॅबच्या कागदावर आजींचा १.२ हा आकडा नॉर्मल म्हणून निसटू शकतो.

दुसरी महत्त्वाची तपासणी लघवीची, एसीआर. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन किती जातंय ते यात कळतं. ३० च्या खाली असावं, ३० ते ३०० म्हणजे धोक्याची सूचना, ३०० च्या वर म्हणजे गाळणीचं बरंच नुकसान. शुगरच्या रुग्णात क्रिएटिनीन वाढण्याच्या बरंच आधी ही तपासणी बोलते. म्हणून शुगर असलेल्याने वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करून घ्यावं. बीपीचे रुग्ण, हृदयरोगी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेले आणि सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे, यांनीही डॉक्टरांना विचारून ही तपासणी करावी.

खाण्यापिण्यात काय बदलावं?

तेल: एका माणसाला दिवसाला चार-पाच चहाचे चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम पुरे. या हिशोबाने चार जणांच्या घरात १५ किलोचा डबा निदान पाच महिने जायला हवा. घरात डबा किती दिवस पुरतो ते प्रत्येकाने एकदा बघावं. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलंय म्हणून जास्त वापरायचं नाही. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई अशा कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, पण चरबी पूर्ण असते.

तळण: वडे-भज्यांचं तेच तेल पुन्हा पुन्हा कढवू नये. वनस्पती तूप टाळावं. देशात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण तेल पुन्हा पुन्हा तापवण्याने तोटा होतोच.

मीठ: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा, सुकट यांतलं मीठही यातच धरायचं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाने ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

गोड आणि दारू: ट्रायग्लिसराइड वाढले असतील तर नुसतं तेल कमी करून भागत नाही. साखर, गूळ, उसाचा रस, थंड पेयं आणि दारू यांवरही लगाम हवा. गूळ देशी असला तरी शेवटी साखरच.

तंबाखू: विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री बंद करणं हृदय आणि किडनी दोघांच्याही फायद्याचं.

किडनीचा आजार पुढे गेलेला असेल तर पथ्य वेगळं असतं. नारळपाणी, केळी, बटाटा, शेंगदाणे यांतलं पोटॅशियम अशा रुग्णाला घातक ठरू शकतं. उपवासाच्या दिवशी ताटात नेमकं हेच असतं. उलट सुरुवातीच्या आजारात डाळ-उसळ मनानेच बंद केली तर अशक्तपणा येतो. पथ्य रिपोर्ट बघून ठरतं, मोबाइलवरच्या यादीवरून नाही.

किडनी खरोखर वाचवतं काय?

बीपी आणि शुगर ताब्यात ठेवणं हा पहिला उपाय. लघवीत प्रथिन जात असेल तर डॉक्टर बीपीच्या अशा गोळ्या निवडतात ज्या गाळणीवरचा दाब कमी करतात. शुगरच्या औषधांपैकी डापाग्लिफ्लोझिनसारखी काही औषधं किडनी खराब होण्याचा वेग कमी करतात. ती आपल्याला बसतात का, हे विचारायला हरकत नाही.

टाळायचं ते म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेणं. 'किडनी साफ करणारा' काढा किंवा कुठलंही भस्म घेण्याआधीही विचारावं. काही वनस्पती आणि जड धातू किडनीला थेट इजा करतात.

तपासणी आणि उपचार कुठे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी आणि शुगर गावातल्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात तपासलं जातं. कधी यायचं ते आशाताईंना विचारावं. रक्त-लघवीची कोणती तपासणी कुठे होते, हे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात कळतं. नेहमीच्या स्टॅटिन गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. डायलिसिसची वेळ आलीच, तर जिल्हा रुग्णालयात आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे.

दवाखान्यात जाताना जुने-नवे सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: "डॉक्टरसाहेब, माझा ईजीएफआर किती आहे? लघवीतून प्रथिन जातंय का? कोलेस्टेरॉलची गोळी मला हृदयासाठी लागते का?"

लगेच दवाखाना गाठावा

– छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, घाम
– अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं
– लघवी अगदी कमी होणं किंवा गडद तपकिरी होणं
– चेहरा-पायांवर वाढती सूज, झोपल्यावर दम लागणं

अशा वेळी १०८ नंबरवर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवावी.

किडनीचा आजार असेल तर लिपिडचा नॉर्मल रिपोर्ट हे गोळी बंद करण्याचं कारण होत नाही. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे ईजीएफआर आणि एसीआर बघून डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

(ही माहिती सर्वसाधारण जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)